'व्हॉयर'मधला 'य'

धुळ्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'व्हॉयर' म्हणजे नेमकं काय, तो 'व्हॉयेज' (प्रवास) या इंग्रजी शब्दावरून आला का आणि मराठीत काय म्हणावं?

बाजारात मुलीच्या मागे मागे फिरणाऱ्यालाही हल्ली बातम्यांत 'व्हॉयर' म्हणतात. साफ चूक! तो पाठलाग, भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम ७८. व्हॉयरिझमचं कलम ७७. न्हाणीत, शौचालयात, आपल्याला कोणी पाहत नाही या भरवशावर असलेल्या बाईला पाहणं, तिचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं, हा तो गुन्हा. पहिल्यांदा १ ते ३ वर्षं कैद, पुन्हा केला तर ३ ते ७. मोबाइल लपवून स्वतः लांब बसलेलाही यातून सुटत नाही.

आता खरी गंमत. फ्रेंच 'व्वार' म्हणजे पाहणं, 'व्वायर' म्हणजे पाहणारा. मूळ लॅटिन 'विदेरे'. दोन स्वरांमधला 'द' फ्रेंचमध्ये गळाला आणि पुढे स्वर आला तिथे 'य' उभा राहिला. आपला 'पाद' बघा: प्राकृतात 'द' गेला, 'पाअ' उरलं, मराठीत 'पाय' झाला. इतक्या दूरच्या दोन भाषांनी अक्षर गाळण्याची एकच रीत धरावी, याहून सुंदर काय! शिवाय 'विदेरे' आणि संस्कृत 'विद्' एकाच मुळाचे, म्हणजे वेद आणि विद्या याच घरातल्या. 'व्हिडिओ'चा लॅटिन अर्थ 'मी पाहतो'. सातबाऱ्यामुळे घरोघरी पोचलेला 'सर्व्हे' म्हणजे वरून पाहणं. इंग्रजी 'एन्व्ही', म्हणजे मत्सर, आला 'इन्विदेरे'तून, म्हणजे वाकड्या नजरेनं पाहणं. रावेर-यावलकडे शेजाऱ्याची केळी ज्याला देखवत नाही, त्याचं दुखणं हेच.

'व्हॉयेज'शी नातं जोडणारे विद्वान नुसता 'य' पाहून फसले आहेत. व्युत्पत्ती अशी तोंडवळ्यावरून ठरत नसते. 'व्हॉयेज'चा पूर्वज 'वियातिकुम', त्यात 'विया' म्हणजे वाट. आणि 'वियातिकुम' म्हणजे चक्क शिदोरी!

राहिला प्रतिशब्द. 'दर्शक', 'प्रेक्षक' अजिबात नको, त्यात चोरी कुठेच नाही. 'हेर'ही नको, तो कामगिरीवर असतो. बातमीत सरळ 'चोरून पाहणारा' लिहावं आणि कॅमेरा लावला असेल तर 'चोरून चित्रण करणारा'.