वाचकांचे प्रश्न : तबकडीसाठी गाणं लिहिणारा लिओनकाव्हालो

प्रश्न : साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना आजोबांची एक लाखेची तबकडी सापडली. लाल लेबल, त्यावर कुत्र्याचं चित्र, आणि कारुसो, 'पाल्याच्ची', 'वेस्ती ला जुब्बा' एवढी नावं वाचता येतात. मागची बाजू कोरी आहे. आमच्या चावीच्या फोनोवर लावली, तर आवाज बारीक आणि घाईत गायल्यासारखा येतो. तबकडी खराब झाली आहे का? आणि हे गाणं आहे तरी कशाबद्दल?
(एक वाचक, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : तबकडी खराब झालेली नाही, कोणाला देऊन टाकू नका. मागची बाजू कोरी आहे, म्हणजे ती बहुधा १९२३च्या आधीची असावी. नामांकित गायकांच्या लाल लेबलच्या तबकड्या तोवर एकाच बाजूच्या काढायची पद्धत होती.

घाई कारुसोची, म्हणजे तबकडीवर गाणाऱ्या इटालियन गायकाची नाही, फोनोची आहे. जुनी तबकडी म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, असं आपण धरून चालतो. पण त्या काळात हा आकडा काटेकोर पाळला जात नसे, पुष्कळ तबकड्या त्याहून संथ गतीनं कापलेल्या आहेत. ७४ फेऱ्यांना कापलेली तबकडी ७८ला लावली की सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो आणि भरदार गळ्याचा माणूस पोरसवदा वाटायला लागतो.

घरात पेटी असेल तर उपाय सोपा आहे. हे गाणं ई मायनरमध्ये बांधलेलं आहे, म्हणजे त्याचा षड्ज पेटीवर पांढरी तीनला येतो. फोनोशेजारी पेटी ठेवा, पांढरी तीन दाबून धरा आणि गतीचा खटका हळूहळू मागे घ्या. शेवटी गाणं ज्या सुरावर येऊन टेकतं तो सूर पेटीच्या सुरात मिसळला की हात काढून घ्या. केसभर फरक राहील, कारण तेव्हाच्या वाद्यवृंदाची पट्टी आजच्या पेटीशी तंतोतंत जुळतेच असं नाही. पोलादी सुई वापरत असाल तर एका बाजूला एक सुई. तीच सुई पुन्हा लावली तर खाचा कायमच्या झिजतात, आणि एकदा झिजलेली खाच परत येत नाही.

आता गाणं. ते आहे लिओनकाव्हालो या इटालियन संगीतकाराच्या 'पाल्याच्ची' या ऑपेरातलं, म्हणजे सगळं गाऊन सादर होणाऱ्या नाटकातलं. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर तंबू पडतात, खेळवाले ढोल वाजवत लोकांना बोलावतात, तसा कानियो नावाचा नट आपली छोटी नाटकमंडळी घेऊन इटलीच्या दक्षिणेतल्या, कालाब्रियातल्या एका गावात येतो. १५ ऑगस्ट, मेरीमातेच्या सणाचा दिवस. संध्याकाळी खेळ आहे, आणि खेळाच्या थोडा आधी कानियोला कळतं की बायको, नेद्दा, दुसऱ्या कुणाबरोबर पळून जाणार आहे. लोक तिकडे जमायला लागलेत. वेश चढवायचा, तोंडाला पीठ फासायचं आणि हसवायचं. 'वेस्ती ला जुब्बा' म्हणजे त्याचं ते स्वतःला हुकूम सोडणं. पुढच्या अंकात रंगमंचावरच्या रंगमंचावर नाटकही तेच चालू असतं, विदूषकाची बायको त्याला फसवते आहे. कानियो मधेच भूमिका सोडतो आणि तिच्या प्रियकराचं नाव विचारायला लागतो. गावकऱ्यांना वाटतं, काय झकास काम करतोय! सुरा निघेपर्यंत त्यांना पत्ता लागत नाही.

कारुसोनं हे गाणं तीनदा मुद्रित केलं. १९०२ आणि १९०४ला पियानोच्या साथीनं, १९०७ला वाद्यवृंदासह. तुमच्या तबकडीत वाद्यवृंद असेल तर ती १९०७च्या मुद्रणाची. ऐकताना मोठ्या तानेची वाट पाहू नका. त्याच्या आधी, तू माणूस आहेस का, असं स्वतःला विचारल्यावर एक कडवट हसू येतं, तिथं कान द्या. मायक्रोफोन नव्हता. गायक लोखंडी कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि चढ्या सुराला स्वतःच मागे सरायचा. एवढ्या अडचणीत त्यानं ते हसू तबकडीत पोचवलं आहे.

प्रश्न : मी पाश्चात्त्य संगीताची आवड म्हणून वाचतो. सगळीकडे रुज्जेरो लिओनकाव्हालो हे 'पाल्याच्ची' या एकाच ऑपेराचे संगीतकार, असं दोन ओळींत उरकलेलं असतं. खरंच त्यांचं एवढंच काम आहे का?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : नाही. आणि या दोन ओळींबद्दल माझी जुनी तक्रार आहे.

लिओनकाव्हालोंचा जन्म २३ एप्रिल १८५७चा, नेपल्समधला. जुन्या कोशांत १८५८ सापडेल, ते चुकीचं आहे. वडील न्यायाधीश. शिक्षण नेपल्सच्या सान पिएत्रो आ मायेल्ला या संगीतविद्यालयात, पुढे बोलोन्यात कवी कार्दुच्ची यांची व्याख्यानं ऐकली. म्हणून ते आपल्या बऱ्याच ऑपेरांचे शब्दही स्वतःच लिहायचे. मग काकांच्या ओळखीवर इजिप्त, तिथं १८८२ला उठाव आणि युद्धाची धामधूम झाली तसे फ्रान्सला, आणि पॅरिसमध्ये कॅफेंतून पियानो वाजवून पोट भरणं. तिशी उलटली तरी नावावर काही नव्हतं. रिकोर्दी या मोठ्या प्रकाशकाकडे त्यांचा 'इ मेदिची' हा ऑपेरा पडून होता.

१८९०मध्ये मास्कान्यी या संगीतकाराचा 'कावालेरिया रुस्तिकाना' हा ऑपेरा गाजला. खेड्यातली माणसं, त्यांची असूया, रक्त, आणि सगळं एका अंकात. लिओनकाव्हालोंनी त्याच वाटेनं 'पाल्याच्ची' लिहिला आणि रिकोर्दींचे प्रतिस्पर्धी सोन्झोन्यो यांना दिला. २१ मे १८९२ला मिलानच्या तेआत्रो दाल व्हेर्मेत पहिला प्रयोग झाला. वाद्यवृंदापुढे संचालक म्हणून उभे होते २५ वर्षांचे तोस्कानिनी, पुढे जगभर गाजलेले. पडदा उघडण्याआधी कानियोच्या मंडळीतला तोनियो हा नट पुढे येऊन प्रेक्षकांशी बोलतो, तो प्रवेश बॅरिटोन (मधल्या पट्टीचे गायक) व्हिक्तोर मोरेल यांच्या आग्रहानं घातलेला. आज तो काढून टाकायची कल्पनाही करवत नाही.

त्यानंतर यश आलं, पण तसं नाही. 'ला बोएम' हाच विषय पुच्चीनी या संगीतकारानंही घेतला होता, दोघांची वर्तमानपत्रांतून जाहीर चकमक झाली. पुच्चीनींचा ऑपेरा १८९६ला तोरिनोत आला, यांचा १८९७ला व्हेनिसमध्ये, आणि जगानं पहिला उचलला. १९००चा 'झाझा' बरीच वर्षं चालला. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म यानं सांगून लिहून घेतलेला 'रोलांड फोन बर्लिन' १९०४चा, तो मागे पडला. ९ ऑगस्ट १९१९ला मोन्तेकातीनीत ते गेले.

एवढं सांगून लोक थांबतात. मला महत्त्वाचं वाटतं ते याच्या बाजूला घडलेलं. ११ एप्रिल १९०२ला ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गनं मिलानच्या ग्रँड हॉटेलमधल्या खोलीत कारुसोच्या दहा बाजू मुद्रित केल्या. (हाच गायस्बर्ग त्याच वर्षी कलकत्त्याला गेला आणि नोव्हेंबरमध्ये त्यानं गायिका गौहर जान यांना मुद्रित केलं. त्या मेणावरच्या मुद्रणांच्या तबकड्या जर्मनीत हानोव्हरला दाबून परत हिंदुस्थानात आल्या.) दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावायची. गौहर जानना त्यात राग बसवावा लागला, युरोपातल्या गायकांना ऑपेरातली गाणी कातरून बसवावी लागत होती. लिओनकाव्हालोंनी उलट बाजूनं विचार केला. त्यांनी मुळात तबकडीच्या मापाचं गाणं लिहिलं. 'मात्तिनाता', म्हणजे पहाटेचं गाणं. छापील प्रतीवर ते ग्रामोफोन कंपनीसाठी खास रचल्याचं नमूद आहे, आणि अर्पण कारुसोला. ८ एप्रिल १९०४ला मिलानमध्ये कारुसो गायला, पियानोवर स्वतः लिओनकाव्हालो बसले.

ही तबकडी आजही ऐकता येते. पियानो मागे असल्यामुळे पुसट येतो, तरी तो ऐका. गाणं लिहिणाऱ्याचेच हात आहेत ते! इटालियन ऑपेराचे थोर संगीतकार व्हेर्दी १९०१च्या जानेवारीत गेले, याच ग्रँड हॉटेलात. त्यांची बोटं आपल्याला कधीच ऐकायला मिळणार नाहीत.

तीन वर्षांनी, १९०७ला, मिलानमध्येच अख्खा 'पाल्याच्ची' तबकड्यांवर उतरवला गेला. संचालन कार्लो साबाय्नो, कानियो पोर्तोरिकोचे टेनर (चढ्या पट्टीचे गायक) आन्तोनियो पाओली, आणि देखरेखीला स्वतः संगीतकार. एवढ्या आरंभीच्या काळात संपूर्ण ऑपेराच्या मुद्रणाला संगीतकारानं जातीनं हजर राहणं ही मोठी गोष्ट आहे. माझ्या मते ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात लिओनकाव्हालोंचं पान स्वतंत्र आहे, आणि ते 'एका ऑपेराचा संगीतकार' या शिक्क्याखाली झाकलं गेलं आहे.

प्रश्न : 'पाल्याच्ची'ची गोष्ट खरी घडलेली आहे असं म्हणतात. खरं काय?
(एक हौशी नाट्यकर्मी, सोलापूर)

उत्तर : थोडी खरी. फ्रेंच लेखक कात्युल माँदेस यांनी ही कल्पना आपल्या नाटकातली आहे असा आरोप केला, तेव्हा लिओनकाव्हालोंनी सांगितलं की वडिलांसमोर असा खटला चालला होता. कालाब्रियातल्या मोन्ताल्तो उफ्फुगोत १८६५मध्ये त्यांच्या घरातला गायतानो स्काव्हेल्लो हा नोकर असूयेतून मारला गेला होता, हे कागदोपत्री आहे. पण त्यात नाटकमंडळी नव्हती, रंगमंच नव्हता. ते लिओनकाव्हालोंनी रचलं. माँदेस यांच्यावरही एका स्पॅनिश नाटकावरून उचल केल्याचा आक्षेप येताच त्यांनी आपला दावा मागे घेतला.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळातल्या आम्हा चौघीजणींना हा ऑपेरा ऐकायचा आहे. भाषा कळणार नाही, तर सुरुवात कुठून करू? नंतर काय ऐकू?
(एक वाचक भगिनी, अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : ताई, भाषेची धास्ती सोलापूरच्या बाईनं घ्यायचं काहीच कारण नाही. तुमच्या भागात तर घरोघरी तेलुगू. सिद्धेश्वरांची वचनं आपण कन्नडमध्ये ऐकतो, अर्थ नंतर कुणाला तरी विचारतो. इथंही तेच करा. वर सांगितलेली गोष्ट चौघींना वाचून दाखवा आणि मग लावा. सबंध ऑपेरा सव्वा तासाच्या आसपास आहे, एका दुपारी होतो.

पहिल्यांदा १९५३चं मुद्रण घ्या, यूसी ब्यर्लिंग आणि व्हिक्तोरिया दे लोस आन्हेलेस यांचं. ब्यर्लिंगचा कानियो आक्रस्ताळा नाही, त्यामुळे सुरावट नीट कानात बसते. नेद्दा आकाशातल्या पाखरांकडे पाहून गाते तो भाग तुमच्या मंडळाला नक्की आवडेल. दुसऱ्या वेळी १९५४चं ऐका, मारिया कालास, दि स्तेफानो, तितो गोब्बी. नाटक त्यात जास्त आहे. जुन्यांत ज्यिल्यी यांचं १९३४चं. ते हुंदके जरा जास्त देतात असं मला वाटतं, पण गळा असा की तेही सोसवतं.

शेवटचं वाक्य, 'खेळ संपला', बहुतेक मुद्रणांत कानियो म्हणतो. लिओनकाव्हालोंनी ते तोनियोला दिलं होतं, सुरुवातीला प्रेक्षकांशी बोलतो त्यालाच. संचालक रिकार्दो मूती यांनी मूळ हस्तलिखित प्रमाण मानून केलेल्या मुद्रणात ते तोनियोकडेच आहे. दोन्ही प्रकार ऐका आणि चौघींना कुठला पटतो ते मला जरूर कळवा.

नंतरचं सांगायचं तर त्यांच्या 'ला बोएम'मधली दोन गाणी कारुसोनं १९११ला मुद्रित केली आहेत, ती घ्या. संपूर्ण हवा असेल तर १९८१चं म्युनिकचं मुद्रण आहे, त्यात गायिका लुचिया पॉप आहेत. लंडनच्या ऑपेरा रारा या संस्थेनं अलीकडे 'झाझा' आणि १९१२चा 'झिंगारी' असे दोन्ही ऑपेरा नव्यानं मुद्रित केले. यातला 'झिंगारी' आधी लावा, छोटा आहे, जेमतेम तासाभराचा. 'झाझा'ला एक रविवार मोकळा ठेवा.