ड्रेस्डेनची थंडी आणि सांगलीची बॅग

पत्र : माझ्या मुलीला जर्मनीत ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. वर्ग ऑक्टोबरात सुरू होतील. सांगली सोडून ती फार तर पुण्याला राहिली आहे, आणि तिला सर्दीचा त्रास आहे. नातेवाईक म्हणतात, तिथे उणे पंधरा असतं, गरम कपडे सगळे इथूनच घ्या, तूप-मेतकूट भरून द्या. प्रवेश एप्रिलच्या सत्रावर ढकलावा, असंही मनात येतं. तिच्याबरोबर काय द्यावं आणि तिला काय शिकवून पाठवावं?
— एक आई, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

प्रवेश ढकलू नका. जर्मनीतले बरेच मास्टर्सचे अभ्यासक्रम फक्त हिवाळी सत्रात सुरू होतात, त्यामुळे ‘एप्रिल’ म्हणता म्हणता पुढचा ऑक्टोबर उजाडू शकतो. एप्रिलला घेतलं तरी विषयांची साखळी ऑक्टोबरपासून बांधलेली असते आणि मुलगी अर्ध्यात जाऊन बसते. ढकलायचंच असेल तर विमानाचं तिकीट अलीकडे ढकला. व्हिसा हातात आला की सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिला तिथे पोहोचू द्या.

याचं कारण थंडी नाही, उजेड आहे. सांगलीत वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. ड्रेस्डेन 51 अंश उत्तरेला आहे. तिथे 21 डिसेंबरला सकाळी आठनंतर उजाडतं, दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि मधले आठ तासही बहुधा ढगांचेच असतात. सप्टेंबरअखेरीस मात्र दिवस-रात्र आपल्यासारखीच बारा-बारा तासांची असते आणि तिथून दिवस रोज साडेतीन-चार मिनिटांनी लहान होत जातो. सप्टेंबरात गेलेली मुलगी ही उतरण पायरी-पायरीने उतरते. नोव्हेंबरच्या मध्यात पोहोचलेली थेट तळाला उतरते, आणि तोवर ओळखी करून देणारे पहिले आठवडेही संपलेले असतात. ‘थंडीने पोर खचली’ असं घरी सांगितलं जातं, तेव्हा पुष्कळदा दोष अंधाराचा आणि एकटेपणाचा असतो.

थंडीचे आकडेही नीट पाहू. ड्रेस्डेनमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. रात्री उणे पाच नेहमीचं, उणे दहा एखाद्या लाटेत. उणे पंधरा क्वचित. आणि घर, ट्राम, ग्रंथालय, वर्ग सगळं वीस अंशांच्या आसपास तापवलेलं असतं. म्हणजे तिला दिवसातून दहा वेळा शून्यातून विसात आणि विसातून शून्यात जायचं आहे. इथेच आपल्याकडची खरेदी चुकते. जाड थर्मल, त्यावर हाताने विणलेला स्वेटर, वर जॅकेट असा बंदोबस्त करून मुलगी ट्राममध्ये चढते. दहा मिनिटांत आतून घाम येतो. सुती बनियन तो घाम धरून ठेवतं, आणि उतरल्यावर तोच ओलावा अंगाला गार करतो. मग सर्दी बाहेरच्या हवेने झाली असं वाटतं.

कपडे असे हवेत की चटकन काढता-घालता येतील. आत सुताऐवजी मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, मध्ये पुढून चेन असलेला फ्लीस, वर वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं मांड्यांपर्यंतचं जॅकेट. पायजम्यासारखं थर्मल रोज लागत नाही, उणे तापमानाच्या दिवसांसाठी दोन जोड पुरेत. इथून न्यायचं ते एवढंच : हे दोन जोड, एक मध्यम जॅकेट, एक शाल. मोठा कोट तिथेच घेऊ दे. डेकॅथलॉनसारख्या दुकानात साठ ते सव्वाशे युरोत चांगला मिळतो, सेकंडहँड त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत. तिबेटी स्वेटरवाल्यांकडचे गुबगुबीत जॅकेट वाऱ्यापुढे टिकत नाही आणि बॅगेतली जागा मात्र खाऊन टाकते.

पैसे वाचवायचेच असतील तर बुटांवर वाचवू नका. पाऊस पडून रात्री गोठला की फुटपाथवर काचेसारखा पातळ बर्फ बसतो, तो दिसतही नाही. सपाट तळव्याचे स्पोर्ट्स शूज त्यावर सरळ घसरतात. खोल खाचांचा मऊ रबरी तळवा हवा, आणि जाड मोजा घालून अर्धा नंबर मोठा बूट निवडायचा. घट्ट बुटात हवेचा थर राहत नाही, मग मोजा कितीही जाड असो, बोटं गारच राहतात.

आता खोलीबद्दल. मुलींना हे कोणी शिकवत नाही आणि पैसे इथेच जातात.

जर्मन घरं दारं-खिडक्या लावल्या की जवळजवळ हवाबंद होतात. आपण वरण-भात शिजवतो, गरम पाण्याने अंघोळ करतो, कपडे खोलीतच वाळत घालतो. ती सगळी वाफ आत कोंडते, बाहेरच्या बाजूच्या गार भिंतीवर आतून दव होऊन बसते, आणि तीन-चार आठवड्यांत खिडकीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. खोली सोडताना घरमालक रंगकामाचा खर्च डिपॉझिटमधून मागतो. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत असू शकतं, म्हणजे रक्कम लहान नाही. सर्दीवालीला बुरशी बाधते ते वेगळंच.

यावर तिथला उपाय म्हणजे श्टोसल्युफ्टन. हीटर बंद करायचा, खिडकी पूर्ण सताड उघडायची, कडाक्याच्या थंडीत पाच मिनिटं, एरवी दहा, मग बंद करून हीटर पुन्हा सुरू. दिवसातून दोन-तीनदा, शिवाय अंघोळ आणि स्वयंपाकानंतर लगेच. एवढ्या वेळात ओली हवा जाऊन कोरडी येते, पण भिंती आणि सामान गार होत नाही. आपली मुलं नेमकं उलट करतात : थंडी लागते म्हणून खिडकी वरून थोडीशी तिरकी करून दिवसभर ठेवतात. त्याने हवा धड बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि बुरशी तिथेच येते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ठेवायचं.

हीटरच्या गोल नळावर 1 ते 5 आकडे असतात. तो पंख्याचा रेग्युलेटर नाही, त्यावर तापमान ठरतं. 3 म्हणजे साधारण 20 अंश, प्रत्येक आकड्याला चारेक अंशांचा फरक. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, ती नुसती 28 पर्यंत तापत राहते. दिवसा 3, रात्री 2, बाहेर जातानाही पूर्ण बंद नाही. करार करतानाच विचारून घ्या की हीटिंग ठरावीक भाड्यात आहे की वर्षाअखेरीस हिशेब होतो. हिशेब होत असेल तर उधळपट्टीचं बिल पुढच्या वर्षी येतं.

उलट अडचणही आहे. बाहेरची थंड हवा पाणी कमी धरते. ती आत येऊन तापली की फार कोरडी होते. नाक सुकतं, घोळणा फुटतो, ओठ-टाचा भेगाळतात. घाबरण्यासारखं यात काही नाही. रात्री नाकात पेट्रोलियम जेलीचं बोट, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ दहा-पंधरा युरोत मिळतं. काटा चाळीस ते साठ टक्क्यांत असला की ठीक, साठच्या वर गेला की खिडकी.

बाथरूमचं वेगळं सांगते. तिथे जमिनीला बहुधा जाळी नसते. बादलीने फरशी धुतली तर पाणी खालच्या घराच्या छतातून उतरतं. शॉवरच्या आतच अंघोळ, बाहेर फक्त पुसणं. अशा नुकसानीसाठी वर्षाला पन्नासेक युरोची वैयक्तिक जबाबदारीची विमा पॉलिसी जर्मन लोक स्वतः घेतात, तिनेही पहिल्याच महिन्यात घ्यावी. आणि फोडणी! खोलीच्या छताला धुराचा अलार्म असतो. झाकण हाताशी, खिडकी उघडी, तेल धुरकटण्याआधी मोहरी. विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून कढई खाली उतरवायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कुकर द्यायचा तर सपाट, इंडक्शन बुडाचा.

तुपाचं ऐका. युरोपीय संघाबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याची मिठाई कस्टममध्ये काढून घेतात. ताजा कढीपत्ता, आंबे, भाज्याही नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, भडंग, पापड चालतात, फक्त बंद पाकिटात आणि वर नाव लिहून. तुपावाचून तिचं अडणार नाही : प्रत्येक सुपरमार्केटात बुटरश्माल्त्स नावाने जे मिळतं ते तूपच. क्वार्क हे चक्क्याच्या जवळचं, थोडं फडक्यात टांगलं की श्रीखंड होतं. पोळीसाठी 405 नंबरचं गव्हाचं पीठ म्हणजे जवळजवळ मैदा. 1050 नंबरचं घ्यावं, किंवा आशियाई दुकानातला आटा. बॅगेतली तुपाची दोन किलो जागा लाटणं आणि डब्यांना द्या.

औषधांबद्दल : ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हात त्वचेला ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसं बनवता येत नाही, आणि सावळ्या त्वचेला तर एरवीही जास्त ऊन लागतं. निघण्यापूर्वी रक्तात पातळी तपासा आणि डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्या. ऊन नसताना रोज 20 मायक्रोग्रॅम, म्हणजे 800 युनिट, हा जर्मन पोषण संस्थेचा साधारण आकडा आहे. आपल्याकडची 60,000 युनिटची पाकिटं मनाने आठवड्याला घेत राहायची नाहीत. तिची नेहमीची औषधं मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह, तीन महिन्यांपुरती. तिथे पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, औषधाच्या दुकानातच मिळतं, आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय नाहीच. रात्री-अपरात्री ताप आला तर 116117 हा ड्युटीवरच्या डॉक्टरांचा नंबर, जिवावर बेतलं तर 112.

पोहोचल्यावरच्या कागदांचा क्रम एकात एक अडकलेला आहे. खोलीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. त्याला घरमालकाची राहत असल्याची सही लागते, ती किल्ली घेतानाच मागायची. ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या खात्यातले, महिन्याचे 992 युरो तिथलं बँक खातं जोडल्यावरच सुटतात. म्हणून पहिलं भाडं, डिपॉझिट आणि कोट यांसाठी फॉरेक्स कार्डावर वेगळे पैसे हवेत, बाराशे-पंधराशे युरोंच्या खाली नको. आणि पत्रपेटीवर आडनाव पहिल्याच दिवशी चिकटवायचं. बँकेचं कार्ड, करक्रमांक, विम्याचं पत्र सगळं टपालाने येतं आणि पेटीवर नाव नसलं तर परत जातं. आपल्या पासपोर्टांत मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं, म्हणून कुठल्या कार्यालयाने कुठलं नाव आडनाव धरलं आहे ते पहिल्या पत्रावर बघून घ्यायचं. पंचाईत वाटली तर दोन्ही नावं पेटीवर लावावीत.

दुकानं रविवारी बंद. शनिवारी रात्री किंवा 2 ऑक्टोबरला संध्याकाळी उतरेल असं तिकीट काढू नका, 3 ऑक्टोबर तिथला राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे. 31 ऑक्टोबरलाही सुट्टी असते, आणि नोव्हेंबरात एका बुधवारी प्रार्थनेची अशी एक सुट्टी आहे जी साऱ्या जर्मनीत फक्त सॅक्सनीत, म्हणजे नेमकी ड्रेस्डेनच्या राज्यात, पाळतात. अडलं तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात.

अंधाराचा मुद्दा मी वर सोडला होता. नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ परीक्षेच्या तयारीचा असतो, आणि जर्मन विद्यापीठात परीक्षेला बसण्यासाठी ठरलेल्या मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते. मुदत हुकली की परीक्षा पुढे जाते. ही तारीख ऑक्टोबरातच कॅलेंडरवर लिहायला सांगा, कारण मन मरगळलेलं असताना ती हमखास निसटते. दुसरं, दिवसाउजेडी बाहेर पडणं वेळापत्रकात पक्कं करायचं : दुपारी बारा ते दोनमध्ये अर्धा तास चालणं, ढग असले तरी, कारण ढगाळ दुपारही खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी उजळ असते. पहिल्या सत्रात गोदामातली रात्रपाळी नको. पैसे मिळतात, पण मुलगी दिवसा झोपते आणि उजेडाचे आठही तास हातचे जातात. दोन आठवडे सलग झोप, भूक बिघडलेली असेल आणि वर्ग चुकत असतील, तर विद्यार्थी सेवा संस्थेकडे समुपदेशक असतात. तिथे जाण्यात कमीपणा नाही, हे निघण्यापूर्वीच तिला तुमच्या तोंडून कळू द्या.

आणि फोन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, आपल्यातला फरक साडेतीन तासांचा साडेचार होतो. तुमच्या रात्री नऊला तिथे साडेचार वाजलेले असतील. अंधार नुकताच पडलेला, ती खोलीत एकटी. रोज तीच वेळ धरू नका. बुधवार आणि रविवार ठरवा, आणि बाकीच्या संध्याकाळी ती विद्यापीठाच्या खेळाच्या वर्गात किंवा जर्मनच्या क्लासात असेल असं बघा. त्या वर्गांची नावनोंदणी सत्राच्या सुरुवातीला होते आणि जागा पटापट भरतात.