दहा लाखांचा सायबर विमा: संरक्षण नेमकं कशाला?

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, सांगलीत विश्रामबागेत राहते. पेन्शन 34 हजार, बँकेत ठेवी 9 लाख. मिस्टरांचं मार्केट यार्डात हळद-बेदाण्याचं दुकान आहे, त्याचं चालू खातं वेगळं. मुलगा सायबर विमा घे म्हणून मागे लागलाय. कुटुंबासाठी 10 लाखांची पॉलिसी जीएसटीसह वर्षाला 4,130 रुपयांना मिळतेय. एजंट म्हणतो, सरकारने आता सगळं स्पष्ट केलंय, डोळे झाकून घ्या. घेऊ का? पॉलिसीच्या अटी सोबत पाठवल्या आहेत.

उत्तर: ताई, पॉलिसी घ्यायला माझी ना नाही, पण डोळे झाकून घेऊ नका. तुम्ही पाठवलेली अठरा पानं मी दोनदा वाचली. पहिल्या पानावर 10 लाख ठळक छापलेत. सातव्या पानावरच्या तक्त्यात मात्र 'खात्यातून रक्कम चोरीला जाणे' या ओळीसमोर 2 लाखांची उपमर्यादा आहे. उरलेली रक्कम ओळखचोरी, सोशल मीडियावरची बदनामी, संगणकात मालवेअर शिरल्यावरची दुरुस्ती, वकिलाची फी अशा खर्चांसाठी. तुम्हाला काळजी ठेवींची आहे, आणि त्यापुरता हा विमा दोनच लाखांचा आहे.

सरकारने काही केलं नाही असं नाही. विमा नियामक इर्डाने 2020 मध्ये अभ्यासगट नेमला आणि सप्टेंबर 2021 मध्ये वैयक्तिक सायबर विम्यासाठी मार्गदर्शक दस्तऐवज काढला. नमुना शब्दरचना दिली, अपवाद नीट लिहायला सांगितले, छोट्या दाव्यांना एफआयआरसाठी अडवू नये असंही सुचवलं. पण हा नमुनाच आहे. आरोग्य संजीवनी ही आरोग्यविम्याची पॉलिसी कुठल्याही कंपनीची घ्या, मूळ अटी त्याच असतात. सायबर विम्याला असा एकच साचा नाही, कारण धोके सतत बदलतात. म्हणून कंपनीगणिक शब्द बदलतात, आणि दावा त्या शब्दांवरच अडतो.

तुमच्या पॉलिसीत तो शब्द अकराव्या पानावर आहे: 'अनधिकृत' व्यवहार. म्हणजे तुमच्या नकळत कुणी पैसे काढले तर भरपाई. तुम्ही स्वतः पाठवले तर नाही, मग भले फसून का पाठवलेले असेनात.

यावर मी एवढा अडून बसतोय त्याला कारण आहे. कराडचे माझे एक ग्राहक, वय 71. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत' असा फोन आला. खोट्या पोलिसाने त्यांना सहा तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं. नंतर ते स्वतः बँकेत गेले, ठेव मोडली, आरटीजीएसचा फॉर्म भरला आणि 7 लाख पाठवले. सायबर पॉलिसी त्यांच्याकडेही होती. दावा नाकारला गेला, कारण फॉर्मवर सही त्यांची होती. ते पासबुक घेऊन माझ्यासमोर बसले होते आणि त्या एका नोंदीवरचं बोट काही केल्या उचलत नव्हते. पॉलिसी विकत घेताना ते पान त्यांना कुणीच वाचून दाखवलं नव्हतं. हे मला अजून सलतं.

दुकानाच्या चालू खात्याला तर ही पॉलिसी लागूच नाही. 'व्यवसायासंबंधीचे नुकसान' सरळ वगळलंय. यार्डातले व्यवहार मोठे असतात, त्यामुळे मिस्टरांना त्यासाठी वेगळी व्यावसायिक पॉलिसी बघावी लागेल.

आणि ज्या नुकसानीला ही पॉलिसी चालते, त्यातल्या बऱ्याच भागाला बँकच बांधील असते. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच ठरवून दिलंय: तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून पैसे गेल्याचं कळताच आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आणि बँक.

माझं मत असं. आहे त्या रूपात ही पॉलिसी घेऊ नका. एजंटला तोंडी न विचारता कंपनीला ईमेल करा: 'मला फसवून माझ्याच हातून पैसे पाठवायला लावले, तर भरपाई मिळेल का, आणि किती?' उत्तर लेखी हो आलं आणि मर्यादा किमान 5 लाखांची असली, तर पाच हजारांपर्यंतचा हप्ता तुमच्या पेन्शनला जड नाही. पॉलिसीचा सारांश देणारं ग्राहक माहिती पत्रकही मागून घ्या, मराठीत मिळतं का तेही विचारा. जीएसटी माफ झाल्याचं कुणी सांगितलं तर ती सवलत वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याची आहे, याची नाही.

तोवर बिनखर्चाचं एक काम याच आठवड्यात उरका. मोबाइलला जोडलेल्या खात्यात पंधरा-वीस हजारच ठेवा. ठेवी दोघांच्या नावावर करा आणि मोडायला दोघांच्याही सह्या लागतील अशी सूचना बँकेत लिहून द्या. नेट बँकिंगवरून ठेव मोडायची सोय बंद करता येते का, तेही तिथेच विचारा. कराडच्या काकांच्या ठेवीवर काकूंची सही लागत असती, तर त्या दुपारी निदान घरी एक फोन तरी गेला असता.

कंपनीचं उत्तर आलं की मला पाठवा, हप्ता भरण्याआधी.