वाडा उतरवताना माळ्यावर सापडलेली ठासणीची बंदूक पेशवेकालीन आहे का? किंमत किती येईल?

पैशाचं नंतर. आधी ती भरलेली नाही ना, ते बघा. भरून ठेवलेली बंदूक तशीच माळ्यावर विसरून जायची, असं आपल्याकडे खूप घरांत झालंय, आणि कोरडी राहिली तर बंदुकीची काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. तोंड कुणाकडेही रोखलेलं नको, चाप ओढल्यावर आपटणाऱ्या घोड्याखाली टोपी, म्हणजे ठिणगी देणारी तांब्याची छोटी वाटी, नको. नळीत लाकडी काठी अलगद तळापर्यंत सोडा, तोंडाशी पेन्सिलने खूण करा, मग तीच काठी नळीला बाहेरून लावून बघा. टोक मागे ठिणगी आत जाते त्या छिद्रापाशी पोचायला हवं. तीन-चार बोटं अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. उकरत बसू नका, पोलिसांना बोलवा.

आता पेशव्यांचं. जुन्या नाशकात वाड्यातली प्रत्येक बंदूक पेशव्यांचीच असते! पण तुम्हीच लिहिलंय की घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, 'टॉवर' आणि १८५७ आहे. पेशवाई १८१८ ला बुडाली. शिवाय तुमच्या घोड्याचं तोंड पेल्यासारखं पोकळ आहे, म्हणजे ही टोपीची बंदूक. तोड्याच्या बंदुकीत जळती वात धरायला चिमटा असतो, चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी. पेशव्यांच्या फौजेत असायच्या त्या या दोन.

तुमची बहुधा १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड असावी. काडतुसांवरून बंड पेटलं ती हीच. नळी ३९ इंच, तिला लाकडाशी बांधणारी तीन कडी, तोंडाचा व्यास साधारण साडेचौदा मिलिमीटर, आत तीन पीळदार खाचा. आतून गुळगुळीत निघाली तर लगेच नकली समजू नका: उठावानंतर हिंदी पलटणींना मुद्दाम गुळगुळीत नळीच्या दिल्या होत्या.

नुसत्या 'टॉवर'वर मात्र भुलू नका. खासगी कारखानदारही तो शब्द ठोकत. सरकारी मालावर मुकुटाखाली व्ही. आर. (व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं) आणि बाणाचा छोटा ठसा शोधा. खैबरकडच्या नकलांत अक्षरं उलटी निघतात, कधी व्ही. आर. खाली १९०१ नंतरचं साल, म्हणजे राणी वारल्यावरचं! अधिकचं चिन्ह असलेला स्क्रू दिसला तर तो अलीकडच्या काळातला.

दुकानदाराने पंधरा हजार सांगितले म्हणता. फोटोही न बघता मी आकडा देणार नाही. घोडा, नळी, दस्ता एकमेकांचेच आहेत का आणि ठसे किती स्पष्ट आहेत, यावर भाव ठरतो. म्हणून घासू नका. मी आजोळच्या बंदुकीचं पितळ चिंचेने आणि लोखंड पॉलिश पेपरने चकाचक केलं होतं. ठसा गेला, मामा अजून ऐकवतो. परदेशी लिलावांचे आकडेही विसरा. शंभर वर्षांवरची पुरावस्तू १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

आणि 'जुनी आहे, परवाना कशाला' हे दुकानदाराचं बोलणं अर्धवट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट, दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला आहे. तुमचा घोडा अजून खटकन पडतो म्हणता. शहरात असाल तर पोलीस आयुक्तालय, तालुक्याकडे असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय. विकण्याआधी तिथे विचारा. त्याआधी आजोबांची ट्रंक उघडा. परवान्याचा जुना कागद निघाला तर तो बंदुकीसोबतच ठेवा, त्याने भावही वाढतो.