संत्र्याच्या लिक्युअरमधून स्वतःचं कॉकटेल: आंबटाचा हिशोब आधी

भाच्यानं विमानतळावरून आणलेल्या मँडरिन नेपोलियन या लिक्युअरमध्ये (म्हणजे फळाची चव मुरवलेल्या गोड मद्यात) तुम्ही संत्र्याचा रस, साखरेचा पाक आणि सोडा घातलात आणि ते संत्रागोळी विरघळवलेल्या पाण्यासारखं लागलं, असं लिहिलंय. लागणारच. ही बाटली म्हणजे कोन्याक (एक फ्रेंच ब्रँडी), मँडरिन जातीच्या संत्र्याची साल आणि साखर. अल्कोहोल ३८ टक्के असलं तरी कॉकटेलमध्ये तिचं काम पाकाचंच. तुम्ही गोडात गोड ओतलंत, आंबट काहीच नाही. नागपुरी संत्रंही मँडरिनच, पण त्याच्या रसात एवढा गोडवा पेलणारा आंबटपणा नसतो. खरा वास तर सालीत.

नवीन काही करायचं तर आधी जुनी मांडणी हाताखालून जाऊ द्या. ब्रँडी, संत्र्याचं लिक्युअर आणि लिंबू म्हणजे साइडकार. ब्रँडीच्या जागी टकीला घेतली की मार्गारिटा. सुरुवात अशी करा: ब्रँडी ४५ मिली, लिक्युअर २० मिली, कागदी लिंबाचा रस १५ मिली. मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण चालतं, त्यावर मिलीच्या खुणा असतात. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली घ्या, भरपूर बर्फ घालून १०-१२ सेकंद जोरात हलवा आणि गाळा. बर्फाचं सुटलेलं पाणीही मापातच धरायचं. म्हणून हलवण्याआधी चव घेऊन "फार कडक झालं" म्हणू नका.

हे जमलं की एकावेळी एकच गोष्ट बदला. सांगलीत राहून मी तरी मनुक्यांपासूनच सुरुवात करेन. ५० ग्रॅम काळे मनुके कोमट पाण्यानं धुऊन २०० मिली ब्रँडीत रात्रभर ठेवा. पिवळा बेदाणा नको, त्याला बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेली असते आणि तो वास ब्रँडीत उतरतो. गाळलेली ब्रँडी गोडसर होते, म्हणून लिक्युअर १५ मिलीवर आणा, लिंबू तेवढंच ठेवा. हलवताना एक वेलदोडा ठेचून टाका. शेवटी नागपुरी संत्र्याच्या सालीची पट्टी ग्लासावर दुमडून दाबा, तेलाचा फवारा पेयावर पडला पाहिजे. उरलेले मनुके मात्र पोरांच्या हाती लागू देऊ नका.

गुळाच्या पाकाबद्दलही विचारलंत. रमबरोबर छान लागतो, पण या बाटलीच्या संत्र्याला झाकून टाकतो. महागाची बाटली असताना कशाला? ओली हळद केवळ सांगलीची ओळख म्हणून घालू नका, मातकट लागते. फारच हौस असेल तर जिनबरोबर एक पातळ चकती, बस. आमचे सातारकर मित्र महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सुचवतील. रंग सुंदर येतो, पण मग संत्रं शोधावं लागतं.

दहा-बारा जणांसाठी करायचं असेल तर (सगळे २५ वर्षांवरचे आणि परवानेवाले धरून चालतो) जगमध्ये एकत्र करा. तेव्हा हलवायचं नाही, म्हणून ग्लासमागे २० मिली पाणी घाला आणि जग फ्रीजमध्ये ठेवा. लिंबू मात्र पाहुणे यायच्या तासभर आधीच पिळा, सकाळी पिळलेला रस संध्याकाळपर्यंत उतरतो.