कोच व्हायचं म्हणणाऱ्या बचावपटूच्या आईला

कॅलगरीहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात देते: ‘आम्ही मूळचे पुण्याचे, बारा वर्षांपासून कॅनडात. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. पाचव्या वर्षापासून आइस हॉकी खेळतो, डिफेन्सला. यंदा ट्रिपल-ए, म्हणजे त्याच्या वयोगटातल्या सर्वांत वरच्या श्रेणीच्या, संघाच्या निवडीत त्याला वगळलं. दोन दिवस धड जेवला नाही. आता म्हणतो, मी कोच होणार. शनिवारी पहाटे लहान मुलांना शिकवायलाही जातो. ह्यांचं म्हणणं, ज्यांना खेळायला जमत नाही ते कोच होतात, त्यापेक्षा सरळ इंजिनिअरिंग कर. उद्या पुण्याला परतायचं ठरलं तर या खेळाचं काय करणार, हाही प्रश्न आहेच. त्याच्या वहीतल्या एका पानाचा फोटो सोबत पाठवते.’

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी तो फोटो पाहिला आणि बराच वेळ पाहत बसले. रेघांच्या वहीचं पान, त्यावर पेन्सिलीने काढलेली अर्धी रिंक (बर्फाचं मैदान), पाच फुल्या, पाच गोळे, आणि पक (खेळातली रबरी चकती) गोलामागे गेल्यावर कोण कुठे सरकलं त्याचे बाण. कोपऱ्यात तारीख आहे. सामना जिंकला की हरला, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. एका फुलीभोवती दोनदा वर्तुळ काढून खाली इंग्रजीत एक ओळ आहे. मराठीत सांगायचं तर, ‘मी पुढे गेलो. मागे कोणीच नव्हतं.’

मी पंचवीस वर्षं मुलांशी बोलते आहे. कुणी न सांगता आपली चूक अशी कागदावर उतरवणारी मुलं मला फार थोडी भेटली. त्यामुळे ‘संघातून काढलं म्हणून कोच व्हायचं म्हणतोय’ हे मला पटत नाही. तारीख बघा. हे पान निवडीच्या आधीच्या मोसमातलं आहे.

त्याची जागा कोणती आहे, तेही लक्षात घेऊ या. कबड्डीत चढाई करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण कव्हरला उभा असलेला खेळाडू आख्खं मैदान वाचत असतो. आइस हॉकीतला बचावपटू तसाच. समोरून आक्रमक वेगाने येतो आणि हा त्याच्याकडे तोंड करून उलटा स्केटिंग करत मागे सरकत असतो. अंतर फार ठेवलं तर तो नेम धरून मारतो, फार कमी केलं तर बगल देऊन निघून जातो. त्याच वेळी आपला जोडीदार कुठे आहे, दुसऱ्या बाजूने कोण घुसतंय, हेही बघायचं. सामन्यात साधारण सहा बचावपटू असतात, तीन जोड्यांत. दर चाळीस-पन्नास सेकंदांनी जोडी बदलते. त्यांच्या पाठीशी उभा असलेला सहायक कोच पुढची जोडी कोणती ते सांगतो आणि ती कठडा ओलांडून बर्फावर उतरते. हे काम करणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः बचावपटू राहिलेला असतो.

तुमच्या ह्यांना मी एकाच माणसाची कारकीर्द सांगेन, लॅरी रॉबिन्सनची. ओंटारिओतल्या मार्व्हलविल नावाच्या लहानशा गावी, दुभत्या गाईंच्या फार्मवर वाढलेला मुलगा. १९७१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू घेतात त्या वार्षिक निवडीत, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने त्याला विसाव्या क्रमांकावर घेतलं. घेतलं तरी लगेच मोठ्या संघात उतरवलं नाही. आधी नोव्हा स्कॉशियातल्या त्यांच्या दुय्यम संघात पाठवलं. तिथून तो १९७३ च्या जानेवारीत वर आला आणि पुढे वीस मोसम एनएचएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये खेळला. १३८४ सामने, खेळाडू म्हणून सहा स्टॅन्ली कप (या लीगची विजेतेपदं), सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक दोनदा. वीसच्या वीस मोसमांत त्याचा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, पोचला.

त्याचा आणखी एक विक्रम आहे, आणि तुमच्या मुलाच्या वहीशी त्याचं नातं आहे. आइस हॉकीत ‘प्लस-मायनस’ नावाचा हिशोब ठेवतात. समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असताना मारलेले गोल सोडले, तर तुम्ही बर्फावर आहात तेव्हा तुमच्या संघाने किती गोल केले आणि किती खाल्ले, त्यांची वजाबाकी. गोल तुम्ही स्वतः मारलाय की नाही, हे त्यात विचारत नाहीत. या हिशोबात कारकिर्दीत रॉबिन्सनच्या पुढे आजवर कोणी गेलेलं नाही. त्याचा आकडा सातशेच्या वर आहे.

आता इथून पुढचं नीट वाचा, कारण खेळाडू मोठा होता म्हणून कोच म्हणून सगळं सोपं गेलं असं झालेलं नाही. १९९२ मध्ये खेळ थांबवल्यावर तो न्यू जर्सी डेव्हिल्समध्ये सहायक कोच झाला. काम बचावपटूंचं. तिथे स्कॉट स्टीव्हन्स आणि स्कॉट निडरमायर हे नावाजलेले बचावपटू त्याच्या हाताखाली होते. १९९५ मध्ये संघाने कप जिंकला. लगेच लॉस एंजेलिस किंग्जने त्याला मुख्य कोच केलं. चार मोसमांत संघ एकदाच प्लेऑफला पोचला आणि १९९९ मध्ये त्याला काढलं. सहा कप जिंकलेल्या माणसाला! तो काय करतो? परत न्यू जर्सीला जातो, परत सहायक म्हणून. २००० च्या मार्चमध्ये, नियमित मोसमाचे आठ सामने उरले असताना संघाने मुख्य कोचला काढलं आणि सूत्रं याच्या हाती दिली.

त्या वर्षी उपांत्य फेरीत फिलाडेल्फियाविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत संघ १-३ असा मागे पडला होता. अजून एक सामना हरला की संपलं. चौथा सामना हरल्यावर हा एरवी शांत असणारा माणूस ड्रेसिंग रूममध्ये इतका भडकला की त्याने कचऱ्याचा डबा लाथेने उडवला. संघाने पुढचे तिन्ही सामने जिंकले, अंतिम फेरीत डॅलसला हरवलं आणि कप आणला. सगळे ती लाथ सांगतात. मला त्याआधीची वर्षं महत्त्वाची वाटतात. तो त्या खेळाडूंसोबत रोजच्या सरावात उभा राहिलेला होता. अनोळखी माणसाची आरडाओरड कोणी ऐकून घेत नाही, ज्याने आपल्यासाठी वेळ दिला त्याचं ओरडणं माणूस मनाला लावून घेतो.

पुढे २००२ मध्ये डेव्हिल्सनेही त्याला मुख्य पदावरून काढलं. २००५ मध्ये तो पुन्हा मुख्य कोच झाला आणि त्याच डिसेंबरमध्ये स्वतःहून पायउतार झाला. ताण इतका की डोकं दुखायचं. सहायक म्हणून मात्र तो नंतरही वर्षानुवर्षं राहिला, आधी न्यू जर्सीत, मग सॅन होजेत. मी ही गोष्ट जाणूनबुजून सांगते आहे. आपल्याकडे ‘सहायक’ म्हटलं की दुय्यम वाटतं. आपल्या कामाची जागा ओळखून तिथे राहण्यात कमीपणा नाही, हे मुलाला आत्ताच कळलं तर पुढची दहा वर्षं तो स्वतःला छळणार नाही.

‘खेळायला जमत नाही ते कोच होतात’, याचं उत्तरही रॉबिन्सनमध्ये आहे, पण उलट बाजूचं उदाहरणही देते. टॅम्पा बे लाइटनिंगला २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन कप जिंकून देणारा जॉन कूपर हा वकील. व्यावसायिक आइस हॉकी तो कधीच खेळला नाही. मिशिगनमधल्या लॅन्सिंगला वकिली करताना एका न्यायाधीशाने त्याला आपल्या मुलाच्या शाळेचा संघ सांभाळायला सांगितलं, तिथून सुरुवात झाली. आणि तुमच्याच अल्बर्टातले क्लेअर ड्रेक यांनी अल्बर्टा विद्यापीठाचा संघ अठ्ठावीस मोसम सांभाळला, ६९७ सामने आणि सहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली; २०१७ मध्ये आइस हॉकीतल्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. त्यांना आयुष्यभर शिक्षक म्हणूनच ओळखलं गेलं. आपल्या रंगाचं कोणी आहे का, असं मुलाच्या मनात येत असेल तर मॅनी मल्होत्राकडे बघा. वडील भारतीय, एनएचएलमध्ये सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, म्हणून खेळला, डोळ्याला पक लागून जबर इजा झाली, पुढे कोचिंगमध्ये आला आणि २०२५ मध्ये एनएचएलखालच्या लीगमधल्या ॲबट्सफर्ड कॅनक्सला तिथला काल्डर कप जिंकून दिला.

आता व्यवहाराचं बोलू. एनएचएलमध्ये संघ ३२, म्हणजे मुख्य कोचच्या खुर्च्या ३२. वर्षाला ड्राफ्टमध्ये २२४ मुलं घेतली जातात, आणि त्यातल्याही पुष्कळांना वर खेळायची संधी येत नाही. सोळाव्या वर्षी ट्रिपल-एमधून वगळलेल्या मुलासाठी तो रस्ता अरुंद आहे, हे मी गोड शब्दांत झाकणार नाही. पण कोचिंगचं काम फक्त त्या ३२ खुर्च्यांवर होत नाही. ज्युनिअर संघ, विद्यापीठं, शाळांच्या अकादम्या, स्केटिंगचे प्रशिक्षक, व्हिडिओ विश्लेषक अशा बऱ्याच जागा कॅनडात आहेत. यातल्या काही पूर्णवेळच्या, पुष्कळशा अर्धवेळच्या. म्हणून जोडीला पदवी हवीच.

यंदा त्याने डबल-एमध्ये, म्हणजे एक पायरी खाली, खेळावं. रागाने खेळ सोडू नये, खेळत राहिलेल्या कोचचे डोळे वेगळे असतात. जमेल तर पुढे अल्बर्टातल्या ज्युनिअर ए संघांच्या निवड चाचण्या द्याव्यात. मेजर ज्युनिअरबद्दल, म्हणजे कॅनडातल्या ज्युनिअर खेळाच्या सर्वांत वरच्या पातळीबद्दल, तुमच्या ओळखीतले पालक कदाचित म्हणतील की तिथे एक सामना खेळला तरी अमेरिकेतल्या कॉलेजचं दार बंद. ते जुनं झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संस्थेने नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून त्या खेळाडूंना पहिल्या श्रेणीच्या कॉलेजसंघांत खेळता येतं. याचा दुसरा अर्थ असा की कॉलेजच्या जागांसाठी चढाओढ वाढली. दोन्ही गोष्टी धरून हिशोब करा.

अभ्यासात गणित आणि जीवशास्त्र सोडू देऊ नका. कॅलगरी विद्यापीठात किनिसिऑलॉजीची, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राची, वेगळी फॅकल्टी आहे. इंजिनिअरिंगची फॅकल्टीही तिथेच आहे, त्यामुळे घरातला वाद दोन गावांमधला नाही. बारावीपर्यंत दोन्ही दारं उघडी राहतील असे विषय घ्या. त्याला मनापासून गणित आवडत असेल तर इंजिनिअरिंग करून कोचिंग करण्यातही काही चुकीचं नाही, आज संघांना आकडेवारी वाचणारी माणसं लागतात.

कोचिंगचं शिक्षण मात्र आत्ताच सुरू होऊ शकतं. हॉकी कॅनडाचे टप्प्याटप्प्याचे कोचिंग अभ्यासक्रम आहेत. कोणत्या वयात कोणता करता येतो, हे तुमच्या भागातल्या असोसिएशनला त्याने स्वतः विचारावं. फोन तुम्ही करू नका, त्याला करू द्या.

पुण्याला परतण्याबद्दल खरं सांगते: महाराष्ट्रात बर्फावरच्या हॉकीचं पोट भरेल असं काम नाही. भारतात हा खेळ मुख्यतः लडाखचा, तिथली मुलं हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर खेळून मोठी होतात. आपल्या महिला संघाने २०२५ मध्ये अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं तेव्हा मला फार आनंद झाला. एखाद्या हिवाळ्यात लेहला जाऊन मुलांना शिकवणं हा त्याच्यासाठी सुंदर अनुभव ठरेल. पण नोकरीचा विचार कॅनडा धरूनच करावा लागेल.

ह्यांना एक विनंती. येत्या शनिवारी पहाटे तुम्ही दोघंही त्याच्यासोबत रिंकवर जा आणि काचेपलीकडे बसा. मुलगा सहा-सात वर्षांच्या पोरांशी बोलताना खाली बसतो की उभ्यानेच सांगतो? एखादं पोर पडलं तर लगेच धावतो, की त्याला आपलं आपण उठायला दोन क्षण देतो? ज्याला काहीच येत नाही त्याच्याकडे किती वेळा वळतो? त्या तासाभरात फोन खिशात ठेवा आणि त्याच्याकडेच बघा. मग जे दिसलं ते दोघांनी वेगवेगळं लिहून मला कळवा. त्यानंतर आपण विषयांचा फॉर्म भरू.