जुन्या पोर्शे ९११ चा एसी नीट गार करायचा असेल तर नक्की काय काय बदलावं लागतं?

तुमचं म्हणणं असं की गाडी १९८५ ची ९११ कॅरेरा आहे, एसी लावला की गारव्यापेक्षा पंख्याचा आवाजच जास्त येतो, आणि मेकॅनिक म्हणतोय नवा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) टाकू, आर-१३४ए हा एसीचा गॅस भरू, काम झालं. करू का? माझं उत्तर, कॉम्प्रेसरला हात सगळ्यात शेवटी लावा. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मी बरोब्बर उलटं करून बसलो होतो म्हणून सांगतोय.

माझी पण ३.२ लिटर इंजिनवालीच आहे, तुमच्याच पिढीतली. मधल्या व्हेंटमध्ये स्वयंपाकघरातलं दांडीचं थर्मामीटर खुपसून बघितलं तर १७ अंश. मग नवा कॉम्प्रेसर बसवून घेतला, गॅस भरून घेतला, मोठ्या हौसेने परत थर्मामीटर लावलं... १६! एवढा खर्च करून एक अंश. वर दोन महिन्यांत तो गॅसही उडून गेला, आणि ज्याने काम केलं होतं तो म्हणाला जुन्या गाडीत असंच असतं साहेब, दरवर्षी भरायचा. नाही हो, असं नसतं. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही, संपला म्हणजे कुठूनतरी गेला.

आता या गाडीचा घोळ कुठेय ते बघा. एसी गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, आणि ती टाकायची जागा म्हणजे कंडेन्सर. बहुतेक गाड्यांत तो रेडिएटरच्या पुढे, तोंडावर वारा घेत बसलेला असतो. ९११ ला पुढे रेडिएटरच नाही, इंजिन मागे आणि तेही एअरकूल्ड, त्यामुळे कंपनीने एक कंडेन्सर टाकला मागच्या झाकणात जाळीखाली, म्हणजे भट्टीच्या डोक्यावरच म्हणा ना, आणि दुसरा पुढे नाकाखाली, छोटा पंखा लावून. गाडी पळत असते तोवर मागचा बरा चालतो कारण इंजिनचा फॅन त्याच्यातून हवा ओढतो. सिग्नलला उभी राहिली की फॅनचे फेरे कमी, खालून इंजिनची धग वर, आणि कंडेन्सर उष्णता टाकणार तरी कुठे? मग प्रेशर चढतं आणि व्हेंटमधून कोमट हवा येते.

हे खरं आहे का ते फुकटात तपासता येतं. गाडी सावलीत उभी करा, एसी फुल, थर्मामीटर व्हेंटमध्ये, दहा मिनिटं थांबा. मग झाडांवर पाणी मारायची स्प्रेची बाटली घेऊन पुढच्या कंडेन्सरवर बारीक फवारा मारत राहा. (मागच्यावर मारू नका, खाली इंजिन आणि इग्निशनची वायरिंग आहे.) माझ्याकडे चार-पाच मिनिटांत आकडा १६ वरून १२ वर आला. म्हणजे कॉम्प्रेसर बिचारा त्याचं काम करत होता, उष्णता बाहेर पडायला वाट नव्हती. पाणी मारून काहीच फरक पडला नाही तर मात्र गॅस कमी आहे, किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचं प्रेशर उतरवून त्याला गार करणारा), किंवा आतल्या हवेची भानगड, तिकडे शोधा.

गॅसबद्दल. या गाड्या आर-१२ वर चालायच्या. ओझोनच्या थराला त्याच्यामुळे भोक पडतंय म्हणून १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि विकसित देशांत १९९५ संपेपर्यंत त्याचं उत्पादन बंद झालं. १३४ए हा त्याच्या जागी आलेला, पण जुळा भाऊ नाही. कंडेन्सरमध्ये ६० अंश तापमान असेल तर आर-१२ चं प्रेशर गेजवर साधारण १४ बार, तिथेच १३४ए चं जवळपास १६. म्हणजे ज्या गाडीला आधीच उष्णता टाकता येत नाही तिच्यावर अजून बोजा. म्हणून नुसता गॅस बदलला की पूर्वीपेक्षा गार कमी होतं आणि लोक गॅसला शिव्या देतात. शिवाय त्याचे रेणू लहान, जुन्या रबरी होजच्या भिंतीतून आरपार झिरपतो. आणि ९११ मध्ये होज किती? कॉम्प्रेसर मागे, एव्हॅपोरेटर (आतली हवा गार करणारी जाळी) पुढे, गाडीची अख्खी लांबी गॅस पुढे जातो आणि तेवढाच परत येतो. माझा जुना होज काढून वाकवला तर वाळलेल्या शेंगेसारखा कडकड वाजला, आणि जॉइंटपाशी काळी तेलकट माती चिकटलेली होती. ती माती दिसली की समजायचं लीक तिथे आहे, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं.

तर माझ्या मते पहिला पैसा होजवर घाला. आतून नायलॉनचा थर असलेले बॅरियर होज मिळतात, टोकं मशीनवर क्रिम्प करून (दाबून पक्की) घ्या, क्लॅम्प आवळून भागवू नका. ओ-रिंग सगळ्या नव्या. दुसरा पैसा कंडेन्सरवर. जुने नळी आणि पत्र्याचे असतात, त्यांच्या जागी पॅरलल फ्लो (बारीक चपट्या समांतर नळ्यांचे) टाकले की तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त उष्णता जाते. काही जण मागच्या डाव्या फेंडरमध्ये तिसरा कंडेन्सर स्वतःच्या पंख्यासकट बसवतात. मी तेच केलं आणि सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला, कारण गाडी उभी असली तरी तो पंखा फिरत राहतो. पंखा जोडल्यावर एक कागद धरून बघा हवा कुठल्या दिशेला जातेय. माझी वायर उलटी जोडली गेली होती, पंखा दोन आठवडे उलटा फिरत होता आणि मी गेजकडे बघत डोकं खाजवत बसलो होतो. पंख्यांना रिले (जास्त करंट पेलणारा वेगळा स्विच) द्या, जुन्या स्विचमधून करंट ओढू नका.

ड्रायर, म्हणजे गॅसमधली ओल टिपणारा डबा, नवाच, आणि १३४ए ला चालणारा, एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ डेसिकंटचा (ओल शोषणाऱ्या दाण्यांचा). त्याच्या टोप्या अगदी शेवटच्या क्षणी काढा, उघडा ठेवला तर हवेतली ओल पिऊन तो आधीच गचकतो. जुनं मिनरल तेल १३४ए मध्ये मिसळत नाही, त्यामुळे सगळं फ्लश करून पीएजी किंवा एस्टर (१३४ए बरोबर चालणारी तेलं). थोडंफार जुनं तेल राहिलंच तर एस्टर जास्त सांभाळून घेतं, मी तेच वापरलं.

मग व्हॅक्यूम. घाईत इथेच चोरी होते. माझ्या पहिल्या कामात दहा मिनिटं पंप लावून गॅस भरला होता, मी समोर उभा होतो आणि मला काही कळत नव्हतं. पंप किमान पाऊण तास-तासभर चालू दे, आतली ओल व्हॅक्यूममध्ये उकळून निघून जायला तेवढा वेळ लागतोच, आणि मग व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास नुसतं काट्याकडे बघत बसा. काटा हलला तर गॅस भरू नका, आधी लीक शोधा. गॅस आर-१२ च्या वजनाच्या ८० ते ८५ टक्क्यांपासून सुरू करतात, पण कंडेन्सर वाढवलेत तर हा हिशोब चुकतो, मग प्रेशर आणि व्हेंटचं तापमान बघत थोडा थोडा भरायचा. गॅस दिसायच्या छोट्या काचेतले बुडबुडे पूर्ण जाईपर्यंत भरत राहू नका, ती आर-१२ ची सवय आहे, १३४ए मध्ये तसं केलं की हमखास जास्त भरला जातो.

आता आतली बाजू, जिच्याकडे कोणी बघत नाही. एव्हॅपोरेटरचा डबा उघडला तर आत कुजलेला पाला, आणि कडेचा फोम हात लावला की भुगा. फोम गेला की हवा गार जाळीतून न जाता बाजूच्या फटीतून पळते. साफ करून नवा फोम लावायला एक दुपार गेली, खर्च जवळपास शून्य, आणि हवेचा जोर लगेच वाढला. या गाडीचा एसी आतलीच हवा फिरवतो, तेव्हा बाहेरच्या हवेची पट्टी बंद ठेवा. आणि हीटर! ९११ चा हीटर एक्झॉस्टभोवतीची गरम हवा आत आणतो, तिचे फ्लॅप गंजून अर्धवट उघडे राहिले तर तुम्ही एसी आणि हीटर एकदम चालवताय. चालू गाडीत पायाजवळच्या हीटरच्या तोंडाशी हात धरा, कोमट लागलं तर आधी ते.

आणि कॉम्प्रेसर? आवाज करत नसेल, सीलमधून तेल गळत नसेल तर आहे तो राहू दे. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरची जाहिरात बघून मोहात पडू नका, दोन किलोवॅट गारवा हवा तर १२ व्होल्टवर सत्तर-ऐंशी अँपिअर एकटा तो खाणार, जुना अल्टरनेटर रडेल. प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण ‘आर-१२ चा पर्याय’ म्हणून विकतात, गार करतं पण पेटतं, आणि ते आपल्या पायापुढच्या डब्यात लीक होऊ शकतं, तेव्हा नकोच. लीक बंद करणारं लिक्विड पण नको, ते व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतं.

हे सगळं झाल्यावर माझ्याकडे पळत्या गाडीत ७ अंश येतात, सिग्नलला १० पर्यंत चढतं. नव्या गाडीइतकं नाही, पण शर्ट पाठीला चिकटत नाही. तुम्ही आधी स्प्रेची टेस्ट करा, पाण्याआधीचा आणि नंतरचा आकडा सांगा, मग होज आधी की कंडेन्सर आधी ते ठरवता येईल. तोवर मेकॅनिकला थांबवा.